समोरच्यांचा गव्हर्नर

अमेरिकेच्या राजकारणावर तावातावाने बोलणारे दुबईतल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत घरटी एक सापडतील, पण तिथल्या एका राज्याच्या माजी गव्हर्नरला सख्ख्या भावासारखं मानणारे आमचे समोरचे शेजारी जगात एकच. हा गव्हर्नर एका पक्षातून निवडून आला, मग दुसऱ्या पक्षात गेला आणि पुढच्याच निवडणुकीत आपटला. गोष्ट एवढीच, पण शेजाऱ्यांच्या तोंडून ती ऐकायची तर शनिवारची अख्खी सकाळ हाताशी हवी. जेएलटी भागातल्या त्यांच्या ऑफिसात त्यांनी एका लेबनीज मॅनेजरला लिफ्टमध्ये गाठलं, तेव्हा तो बिचारा "हबीबी, खलास!", म्हणजे "बाबा रे, पुरे!" म्हणत मधल्याच मजल्यावर उतरला आणि पुढे जिन्याने गेला. घरी मुलगी म्हणते, "बाबा, ही डझन्ट इव्हन नो यू एक्झिस्ट." त्यावर हे शांतपणे म्हणतात, "नसेना का. त्याने पक्ष का सोडला, ते मला कळायला हवं."

मी त्यांची मनसोक्त चेष्टा करत असे. शेवटी एकदा त्यांच्या घरच्या वहिनींनीच खरं काय ते सांगितलं. ठाण्यात यांचा एक जिवलग मित्र होता. कॉलेजपासून दोघांनी खळ कालवून एकाच पक्षाची पोस्टरं चिकटवली. मग मित्राने पालिकेच्या तिकिटासाठी पक्ष बदलला. यांनी भर चौकात "आजपासून तू मला मेलास" म्हटलं आणि दुबई गाठली. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून पोटभर भांडायला त्यांना माणूस मिळाला नाही. पक्ष बदलूनही माणूस चांगला राहू शकतो, एवढंच त्यांना त्या गव्हर्नरकडून हवं होतं.

गेल्या शनिवारी त्यांनी मला बोलावलं. ठाण्याहून बातमी आली होती: तो मित्र या वेळी पालिकेच्या निवडणुकीत पडला होता.

"गव्हर्नर पडला तेव्हा जुन्यांपैकी कुणी त्याला फोन केला असेल का हो?"

मला चेष्टा सुचेना. "तुम्ही करा ना," मी म्हटलं.

नंबर त्यांना पाठ होता. फोन टेबलावर ठेवून त्यांनी स्पीकर लावला. तिकडून "हॅलो" आलं आणि यांनी नुसता घसा खाकरला. तेवढ्यावर तिकडचा आवाज म्हणाला, "बोल रे. दुबईचा नंबर दिसला की दरवेळी वाटतं, तू असशील. दरवेळी कुणीतरी लॉटरी लागल्याचं सांगतो."

"मीच आहे," शेजारी म्हणाले.

मी हळूच उठून घरी आलो. माझ्या फोनची अशी वाट बघणारं कुणी आहे का, ते आठवत बराच वेळ बसलो. कुणी आठवलं नाही.