हाराचा फोटो

आईला या खेपेला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, स्वतःचा एक चांगला फोटो. कशासाठी, तेही तिने पुण्याहून आल्या दिवशीच चहा पिता पिता सांगून टाकलं. हारासाठी. बाबा अचानक गेले तेव्हा घाईघाईने कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांना कापून मोठं केलं होतं. भिंतीवरच्या त्या फ्रेममध्ये बाबांच्या खांद्यावर अजूनही कुणा अनोळखी माणसाची बोटं आहेत. "माझं असं करू नका," आई म्हणाली. "तू काढ. नीट." मी "काहीतरीच तुझं" म्हणून विषय उडवला आणि मग रोजच उडवत राहिले. कधी उजेड नाही, कधी मीटिंग आहे.

तिची परत जायची वेळ जवळ आली तशी मला टोचणी लागली. फोटो काढायचं सोडून मी तिला एका शनिवारी बर्मिंगहॅममधल्या म्युझियममध्ये फोटो बघायला घेऊन गेले. ऑफिसात माझ्या मॅनेजरबाईंनी त्या प्रदर्शनाचं भारी कौतुक केलं होतं. ज्याची भडक रंगांची चित्रं इथे चहाच्या मगांवरसुद्धा छापलेली असतात, अशा एका मोठ्या चित्रकाराने आयुष्यभर गुपचूप काढलेले फोटो तिथे मांडले होते. लहान लहान, ब्लॅक अँड व्हाइट. शेजारीण, रिकामा बाथटब, वाळत घातलेले मोजे. आणि त्याची आई. बटाटे सोलताना, पेपर वाचताना, खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेली.

"आईचे बरेच काढलेत गं याने," आई म्हणाली. तिच्या मनात टोमणा नव्हता. ती टोमणे मारत नाही, हीच तर पंचाईत आहे.

पुढच्या दालनात एका मोठ्या खिडकीपाशी ती थांबली. कानटोपी काढली, अंगातलं माझं जुनं जॅकेट काढून माझ्या हातात दिलं, पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली. पायात मोजे आणि त्यावर चपला. "इथे काढ," ती म्हणाली. "उजेड छान आहे." आवाज नेहमीचाच, म्हणजे शेजारच्या दालनातही ऐकू जाईल असा.

नेमक्या तेव्हाच दारातून मॅनेजरबाई आत येताना दिसल्या. बर्मिंगहॅममध्ये साडीचं कुणाला काही वाटत नाही, रस्त्यात हव्या तितक्या दिसतात. लाज साडीची नव्हतीच. त्या कुजबुजत्या दालनात सगळ्यांदेखत फोटोला उभी राहिलेली माझी आई, तिची मला लाज वाटली. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "आई, इथे फोटो काढू देत नाहीत." आत शिरतानाच काढू देतात अशी पाटी मी वाचली होती.

आईने मान डोलावली, पण तिला राहवेना. कोपऱ्यात उभ्या असलेल्या म्युझियमच्या म्हाताऱ्या माणसाला तिने माफी मागितल्यासारखं विचारलं, "सॉरी, फोटो नो?"

"ऑफ कोर्स यू कॅन, बॅब," तो म्हणाला. इथली जुनी माणसं कुणालाही लाडाने बॅब म्हणतात. आईला ते 'बाई' असं ऐकू आलं आणि साहेब मराठीत बोलला म्हणून ती खुदकन हसली. त्याने फोनसाठी हात पुढे केला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तोवर लांब सरकून बाथटबच्या फोटोशेजारचा मजकूर वाचत होते, परीक्षेत तोच येणार असल्यासारखा.

जरा वेळाने मॅनेजरबाई अगदी जवळून गेल्या. त्या मॅनेजरबाई नव्हत्याच. तसाच कोट घातलेली दुसरीच कुणीतरी होती, आणि तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी जाताना ट्रेनमध्ये आईने फोटो दाखवला. इतका सुरेख फोटो तिचा आजवर कुणी काढला नव्हता. ते हसू अजून पुरतं मावळलेलं नव्हतं, गालावर खिडकीतला उजेड होता. आणि तिच्यामागे, भिंतीकडे तोंड करून मी. हातात तिचं जॅकेट आणि कानटोपी. पाठमोरीसुद्धा मी चोरासारखी दिसत होते.

मी म्हटलं, दे इकडे, मला कापून टाकते, लगेच होईल. तिने फोन पदराआड घेतला.

"नको गं. मागे कुणीतरी असलेलं बरं."

संध्याकाळी तिने दादाला व्हिडिओ कॉल लावला. त्याला फोटो मिळाला होता. ही अशी पाठ फिरवून का उभी आहे, त्याने विचारलं. मी किचनमध्ये भांडी घासत होते, नळ बंद केला.

"वाचत होती रे," आई म्हणाली. "तिला वाचायचं किती वेड आहे, तुला माहीत नाही का?"

तिला खरंच तसं वाटलं, की ती मला पाठीशी घालत होती, हे विचारायची माझी छाती झाली नाही. दादाने तो फोटो तसाच, न कापता, मोठा करायला दिला आहे.