मीनूची रिकामी संध्याकाळ

मित्रहो, माझी पत्नी सुमन गेल्याचं गेल्या आठवड्यात या गटावर कळवलंच होतं.

आज सकाळी इकडे हिंदी मुलखातच वाढलेली आमची मुलगी मीनू दहावीच्या बोर्डासाठी अभ्यासाचं वेळापत्रक आखत होती. रोजची संध्याकाळ तिने कोरी सोडली होती.

“संध्याकाळी अभ्यास नाही?”

“लोग आते हैं न बाबा, आई के लिए. चाय कौन बनाएगा?”



संध्याकाळी मी खुर्च्या व्हरांड्यात मांडल्या. भेटायला आलेल्यांना बाहेरच बसवलं, चहा मीच केला. आमच्या इंदिरा नगरातले शेजारी सुमनबद्दल, त्यांच्या भाभीजींबद्दल, बोलत राहिले. मी मान हलवत राहिलो.

मीनू आत दार लावून बसली होती. अभ्यास करत होती की रडत होती, कोण जाणे. मी दार वाजवलं नाही.

तुम्ही वाजवलं असतं?