दादा हिरा घेतो

माझ्या आतेभावानं उभ्या आयुष्यात एकही वस्तू पहिल्या भेटीत पसंत केलेली नाही. आत्या सांगायची, जन्मला तेव्हासुद्धा हा लगेच रडला नाही. आधी त्यानं खोलीभर नजर फिरवली, सुइणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग नापसंतीचा टाहो फोडला. पुढे तो देवासच्या एका कारखान्यात माल तपासणाऱ्या खात्यात लागला, तेव्हा देवानं निदान या एका माणसाला तरी विचार करून नोकरी दिली, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. पंपाचे सुटे भाग हातात घ्यायचे, मोजायचे, उजेडात धरायचे आणि नाकारायचे, याचा त्याला पगार मिळत असे. तेच काम तो घरी, बाजारात, लग्नकार्यात आणि देवळात फुकट करी.

मी धारला असते, एका शाळेत शिकवते. दादा (आम्ही सगळी भावंडं त्याला दादाच म्हणतो) सुट्टी मिळाली की देवासहून माझ्याकडे येई. आला की चपला काढण्याआधी दार दोन-तीनदा उघडून मिटून बघे आणि "बिजागरी बोलतेय तुझी," असं म्हणून मग आत येई. आम्ही छत्री घ्यायला गेलो तेव्हा त्यानं दुकानदाराकडे पाण्याची बादली मागितली. गादी घ्यायला गेलो तेव्हा तो गादीवर आडवा झाला, डोळे मिटले, आणि खरोखरच झोपला. दुकानदार बिचारा सज्जन. त्यानं पंखा त्याच्याकडे वळवला. तासाभरानं दुकान बंद करायची वेळ झाली, तेव्हा "भाईसाहब, दुकान बढ़ानी है," म्हणून त्याला हलवावं लागलं. दादा उठून बसला, म्हणाला, "गादी बरी आहे, पण उशाकडे किंचित उतार आहे." आणि घरी येऊन माझ्याकडच्या सतरंजीवर सकाळपर्यंत घोरत पडला.

अशा माणसाचं लग्न जमणं कठीणच. मुली त्यानं नाकारल्या असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. मुलींकडे त्याचं लक्षच जात नसे. उज्जैनला एका घरी मुलगी पाहायला गेलो, तर याची नजर छताकडे. पंखा डुलत होता. पोहे येईपर्यंत त्यानं कसाबसा धीर धरला, मग स्टूल मागवलं, वर चढला आणि पात्याला एक नाणं चिकटवून पंख्याचा तोल साधून दिला. मुलीचे वडील फार खूश झाले. पंखा अजून उत्तम चालतो असा त्यांचा निरोपही आला. स्थळाबद्दल मात्र काही निरोप आला नाही. असं होता होता त्यानं पन्नाशी ओलांडली, आत्या गेली, आणि त्याच्या लग्नाचा विषय आम्ही सोडून दिला.

एका गणपतीत तो माझ्याकडे आला असता फडताळाचा पत्रा तपासताना त्याचा हात कापला. भळाभळा रक्त. मी त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे शालन नावाच्या सिस्टर होत्या. चाळिशी उलटलेल्या, काटक, बोलणं कमी. त्यांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी टाके घातल्यावर पट्टीही त्यांनीच बांधली. दादा हे सगळं नाकावर चष्मा ओढून बारकाईनं पाहत होता. शेवटी म्हणाला, "इंजेक्शन उत्तम. कोन अगदी बरोबर होता."

सिस्टरनी हातातला ट्रे खाली ठेवला. "इतकी वर्षं सुया टोचतेय," त्या म्हणाल्या, "रिझल्ट सांगणारे तुम्ही पहिलेच."

मग टाके दाखवायला, टाके काढायला, टाके काढलेली जागा दाखवायला, अशी दादाची धारवारी सुरू झाली. हात बरा झाला तरी वारी चालूच राहिली. शालनचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला होता. माहेर देवासचं, वाडवडिलांनी दरबारचे अंगरखे शिवलेले, आता भावाचं शिलाईचं दुकान होतं. आमचे पूर्वज त्याच दरबारात कारकुनी करत, आणि एवढ्या शिदोरीवर आमच्याकडची काही वडीलधारी मंडळी अजून नाक वर करून चालतात. त्यांनी कुरकुर केली. दादाला ती ऐकूच आली नाही. लग्न ठरलं. शालननं काहीही मागितलं नाही. फक्त एकदा माझ्या ओट्यापाशी उभं राहून, भाजी निवडता निवडता म्हणाली, "खरं सांगू का ताई, एकदा हिऱ्याची अंगठी घालून बघायची फार इच्छा आहे. छोटी चालेल."

हे वाक्य मी दादाला सांगितलं, आणि पुढचं सगळं माझ्यामुळे घडलं असं म्हणायला हरकत नाही.

साखरपुड्यात हिऱ्याची अंगठी घालायची, आणि ती दामाला पुरेपूर चोख हवी, असं दादानं ठरवलं. तो कंजूष नव्हता. पैसे जायला त्याची हरकत नसे, वाया जायला असे. त्यानं कारखान्यातलं भिंग घरी आणलं आणि अभ्यास सुरू केला. "हिऱ्याची किंमत नुसत्या वजनात नसते, पैलू कसे पाडलेत त्यात असते," तो मला फोनवर समजावून सांगे. "पैलू नीट नसले तर मोठा खडासुद्धा झोपाळू दिसतो. आणि लोक पूर्ण आकड्याच्या वजनाला भुलतात. त्याच्या जरा खालचा घ्यावा. डोळ्याला फरक कळत नाही, पण भावात कळतो." प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांचाही त्यानं विचार केला. हिरा खरा, भाव कितीतरी कमी. पण विकायला गेलं तर कोण घेणार? "सिस्टर विकणार आहेत का?" मी विचारलं. "प्रश्न तत्त्वाचा आहे," दादा म्हणाला.

देवासची दुकानं पालथी घालून तो धारला आला. इथला आमचा सराफ म्हणजे दर पौर्णिमेला मोहनखेड्याच्या जैन तीर्थाला जाऊन येणारा शांत माणूस. दादा यायला लागल्यापासून तो मधल्या दिवशीही जाऊ लागला. दादा अंगठी घेई, दुकानातल्या झगमगत्या दिव्यांखालून उठून रस्त्यावर येई, सावलीत बघे, उन्हात बघे, मग पांढऱ्या कागदावर ठेवून खड्यात पिवळी झाक आहे का ते बघे. मग भिंग. हिऱ्याच्या कडेवर कोरलेला बारीक आकडा प्रमाणपत्रावरच्या आकड्याशी ताडून पाही. आणि शेवटी श्वास सोडून म्हणे, "आत एक ठिपका आहे."

"भिया," (इकडे भैयाला असंच म्हणतात) सराफ हात जोडून म्हणे, "ये हीरा है, बेरिंग नहीं."

तुळशीचं लग्न झालं, साखरपुडा मार्गशीर्षात करू म्हटलं. मार्गशीर्ष गेला. पौषात काही करायचं नव्हतंच. माघातले चांगले दिवस दादानं दोन अंगठ्यांची तुलना करण्यात घालवले. शालन काही बोलत नव्हती. ड्यूटी करायची, दादा आला की त्याच्याबरोबर चहा प्यायची, ठिपक्यांची हकिगत ऐकून घ्यायची. पण एके दिवशी शाळेतून येते तो माझ्या दारात तिचा भाऊ उभा. देवासहून मोटरसायकलवर आलेला, चेहरा उतरलेला.

"ताई, बसत नाही," तो म्हणाला. "एकच विचारायला आलोय. तुमच्याकडून हो आहे की नाही, ते सांगून टाका. मोहल्ल्यात बहिणीची हँसी उडतेय. लोक म्हणतात अंगठी तो बहाना है. तुम्ही दरबारी माणसं, आम्ही सुईदोऱ्याचे. त्यात ती विधवा. नको असेल तर सीधा बोला ना. आम्हाला वाईट नाही वाटणार."

वाईट वाटलेलं त्याच्या आवाजात मला ऐकू येत होतं. मी त्याला हाताला धरून आत बसवलं, पाणी दिलं, तसं काही नाही म्हणून शपथेवर सांगितलं. पण तो गेल्यावर मलाच धाकधूक लागली. दादाला मी चांगला ओळखते. इतरांनी त्याला कसं ओळखावं? मी शालनला फोन केला. भाऊ येऊन गेल्याचं तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "माझी लांब गंधवानीला बदली झालीय ताई. या आठवड्यात हजर व्हायचंय. ते उद्या दुकानात आहेत ना? मी ड्यूटी संपवून तिथेच येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दुकानात होतो. काउंटरवर अखेरच्या फेरीत पोचलेल्या तीन अंगठ्या, दादाच्या डोळ्याला भिंग, सराफाच्या ओठांवर नवकार मंत्र. शालन दवाखान्याच्या पांढऱ्या साडीतच आली आणि दादाशेजारच्या स्टुलावर बसली.

"यातली सगळ्यात चांगली कुठली?" तिनं विचारलं.

दादानं अभिमानानं मधली पुढे केली. शालननं ती बोटात घातली, हात लांब धरून पाहिली. अंगठी सुंदर होती. मग तिनं पर्समधून रबरी हातमोज्यांची जोडी काढली आणि त्यातला एक त्या हातावर चढवला. हिऱ्याला वरून धरणाऱ्या सोन्याच्या बारीक नख्या मोज्यात अडकल्या आणि मोजा टरकन फाटला. तिनं दुसरी अंगठी घातली. दुसरा मोजाही फाटला. तिसरी तिनं नुसती बोटानं चाचपली आणि बाजूला सारली.

"माझा अर्धा दिवस मोज्यांत जातो," ती म्हणाली. "दर वेळी काढून ठेवली तर एक दिवस हरवेल. मला घालायची आहे, कपाटात ठेवायची नाही."

दादा फाटलेल्या मोज्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता याला वाईट वाटणार. पण त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "वापरून बघायला हवं होतं!" तो म्हणाला. "हे माझ्या लक्षातच आलं नाही. तिन्ही रिजेक्ट!"

सराफानं डोळे मिटले.

शालन हसली नाही. मोज्याचे तुकडे गोळा करत तिनं हळू आवाजात विचारलं, "आता मला एक खरं सांगा. माझा भाऊ काल ताईंकडे येऊन गेला. सगळे म्हणतात, तुमच्या मनात नाही म्हणून अंगठी पास होत नाही. खोट अंगठीत आहे का माझ्यात?"

दादानं भिंग खाली ठेवलं. प्रश्न त्याला कळायला वेळ लागला, हे मला दिसत होतं. तो कधी नव्हे इतका गोंधळला होता. "तुमच्यात?" तो म्हणाला. "तुमचं मी काही तपासलंच नाही."

सराफ फडक्यानं काच पुसत होता, त्याचा हात थांबला. शालन मान खाली घालून बसली होती. मग तिनं पदराच्या टोकानं डोळे टिपले आणि सराफाला म्हणाली, "भिया, बंद कोंदणातली आहे का एखादी? वर काही आलेलं नको."

सराफानं सगळ्यात खालचा खण उघडून एक अंगठी काढली. खडा लहान, सोन्याच्या गोल कडेत पुरता बसवलेला. "बहुत दिन से पड़ी है," तो म्हणाला. "लोग कहते हैं, इसमें हीरा छोटा दिखता है." त्यानं आतून घरच्या औषधांच्या डब्यातला एक मोजा मागवला. शालननं तो चढवला, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मोजा शाबूत. दादानं सवयीनं भिंगाकडे हात नेला. शालननं ते उचलून आपल्या पर्समध्ये टाकलं.

"हीच द्या," ती म्हणाली.

साखरपुडा त्याच आठवड्यात माझ्या घरी झाला. कुरकुर करणारी वडीलधारी मंडळी श्रीखंडाच्या ओढीनं का होईना, आली. शालनच्या भावानं दादासाठी स्वतः बंद गळ्याचा कोट शिवून आणला होता. दादानं कोट हातात घेतला. बाही उलटी केली, अस्तर पाहिलं, काखेतली शिवण ओढून बघितली. शालनचा भाऊ भिंतीला टेकून उभा होता. दादानं बाही सरळ केली आणि म्हणाला, "यात काढण्यासारखं काही नाही." भाऊ घाईघाईनं स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

लग्न झालं. दादानं निवृत्तीच्या मुदतीआधीच नोकरी सोडली आणि गंधवानीला शालनच्या क्वार्टरमध्ये राहायला गेला. धारला येणं कमी झालं. येतो, नाही असं नाही. पण संध्याकाळच्या बसनं परत जायची त्याला घाई असते. मध्यंतरी शाळेच्या कामानं मीच तिकडे गेले होते. सरदारपुरापर्यंत एक बस, पुढे दुसरी. दादा घरी नव्हता. शेजारच्या बाईनं सांगितलं, रस्त्यावर असतील, सिस्टर खेड्यांवर लसी टोचायला गेल्यात. गेले तर चिंचेखाली तो उभा होता. केस बरेच पिकलेले. मी शेजारी जाऊन उभी राहिले. पाड्यांकडून येणाऱ्या रस्त्यावर धूळ दिसली की तो मान उंचावे, आणि जीप पुढे निघून गेली की पुन्हा खाली करी.

"फार उशीर झाला रे दादा, तुम्हा दोघांना," मी म्हणाले. मला त्या दिवसाच्या उशिराबद्दल म्हणायचं नव्हतं, आणि ते त्याला कळलं.

"झाला खरा," तो म्हणाला. "फार झाला."

मग जीप आली. शालन उतरली, मला पाहून हसली, पुन्हा येताना मुक्कामाला या म्हणाली. लस ठेवायचा निळा डबा दादानं तिच्या हातातून घेतला. माझी परतीची बसही आलीच होती. खिडकीतून मी बघत राहिले. दोघं रस्त्याच्या कडेनं घराकडे निघाली होती. दादाचं पाऊल लांब पडतं. तो पुढे जाई, मग अचानक लक्षात येऊन थांबे, ती गाठेपर्यंत उभा राही, आणि थोडं चालून पुन्हा पुढे जाई. इतकी वर्षं एकट्यानं चाललेला माणूस.