आईचं पित्त

हल्ली दर आठवड्याला पेपरात कुणीतरी डॉक्टर लिहितो, की बायकांच्या हृदयविकाराची लक्षणं वेगळी असू शकतात. छातीत कळ येईलच असं नाही. जबडा दुखतो, पाठ भरून येते, धाप लागते, मळमळतं, आणि म्हणून ते ओळखू येत नाही. नवं संशोधन म्हणे! वाचलं की मला तो पेपर टराटरा फाडावासा वाटतो. अहो, हे तुमचं संशोधन आमच्या निपाणीच्या घरात चुलीपुढं बसलेलं होतं. त्याला कुणी विचारलं नाही. आम्ही सगळे त्याला पित्त म्हणत होतो.

घरात हार्ट होतं ते फक्त आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना. ते तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. सत्तरचं दशक संपता संपता त्यांना अटॅक आला, तोही भर वखारीत, चारचौघांसमोर, छातीवर हात धरून, अगदी साग्रसंगीत. मालकांनी आपल्या गाडीतून बेळगावला नेलं म्हणून वाचले. पुरुषाचा अटॅक असा असतो. सगळ्या गावाला कळतो.

त्यांना घरी आणलं आणि पाहुण्यांची रीघ लागली. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला यायचं म्हणजे नुसतं बघून जायचं नसतं. चिकोडी, संकेश्वर, पार सांबऱ्यापासून माणसं यायची, केळी ठेवायची आणि पलंगाला टेकून बसायची. "कसं काय झालं वो आप्पा?" की आप्पा पहिल्यापासून सुरू. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून बजावलेलं, पण ऐकतंय कोण! चहा विचारला नाही तर अपमान, आणि लांबून आलेल्याला न जेवता लावून दिलं तर भाऊबंदात तोंड दाखवायची सोय नाही. हे सगळं कोण रांधत होतं, ते मी सांगायला नको.

मग पथ्य आलं. करडईच्या तेलाचा डबा आला, तो आप्पांचा, त्याला बाकीच्यांनी हात लावायचा नाही. अळणी आमटीचं पातेलं वेगळं. आमच्यासाठी नेहमीचं, आणि दोन्हीकडचं उरलंसुरलं आईसाठी. अन्न टाकायचं नाही, हा तिचा नेम. कालची भजी, तळाची खारट आमटी, शिळ्या भाकरीवर खर्डा. आप्पांची बिडी डॉक्टरांनी दम देऊन सोडवली. आई मात्र रोज सकाळी तव्यावर तंबाखू जाळून मशेरी करायची, दातांना लावायची, दुपारी परत, डोकं दुखलं की परत. ती तंबाखू आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अख्खं गाव तंबाखूवर जगणारं, तिथं मशेरी म्हणजे नुसतं दात घासणं.

पुढं काही वर्षांत आईला धाप लागायला लागली. विहिरीचं पाणी ओढताना थांबायची, उंबऱ्यावर बसायची. "काय नाय गं, पित्त हाय." मळमळलं की आमसुलाचं पाणी. पाठ भरली की शेजारची काकू बाम चोळून द्यायची. जबडा दुखायला लागला तेव्हा ती दातांच्या डॉक्टरकडं गेली आणि एक चांगली दाढ उपटून आली! जबडा दुखायचा राहिला नाही तो नाहीच. कपाळ माझं!

एकदा मी हट्टानं तिला आप्पांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. आप्पा तपासून घ्यायला जायचेच, त्यांच्याबरोबर ती. मीही गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टर आप्पांकडं बघून विचारतात, "यांना काय होतंय?" आप्पा सांगतात, "पित्त खवळतंय हिचं. जागरणं लई करती." डॉक्टर मान हलवतात, लिहून देतात. आई स्टुलावर पदर सावरून बसलेली, जणू बाजारात आणलेली म्हैस, किंमत दुसऱ्यांनीच करायची. बाटलीत गुलाबी पातळ औषध मिळालं. मी म्हटलं, हिचा कार्डिओग्राम काढा. आप्पा हसले. "बायकास्नी कुठं हार्ट अटॅक येतोय गं?" डॉक्टरही हसले. आणि आई काय म्हणाली? "परक्या बाप्याम्होरं चोळी सोडू व्हय मी? त्यापरीस मेल्यालं बरं."

आता यांच्यापुढं कुठं डोकं आपटायचं? आप्पांच्या नाडीवर अख्ख्या घराचं बोट, आणि हिच्या नाडीला हात लावायला कुणी तयार नाही, ती स्वतःही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

तेवढ्यात मला बेळगावात शाळेत नोकरी लागली. तिथल्याच शहापूर भागात एका विणकराच्या घरी माडीवर खोली घेतली. आई-आप्पा खोली बघायला आले. खाली माग खडखडत होते, त्या आवाजात मला कळलंच नाही, की आप्पा वर पोचलेत आणि आई अर्ध्या जिन्यात बसलीय. ओठ पांढरेफटक, कपाळावर घाम. "वाईच थांब," म्हणाली, "पित्त हाय." माझं टाळकंच सरकलं. तिथल्या तिथं ठरवलं, पुरे झालं यांचं पित्त.

बेळगावच्या कॅम्प भागात एक डॉक्टरीणबाई होत्या. बाई आहे म्हटल्यावर आईला चोळीचं कारण उरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन निघाले. आप्पांनाही यायचंच होतं. "तिला एकलीला काय सांगाय येतंय?" बाईंनी त्यांना दारातच थांबवलं आणि बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आप्पांना बाहेर बसवलं! मला इतका आनंद झाला की विचारू नका.

आईला टेबलावर निजवलं, तारा लावल्या. मशीनमधून कागदाची पट्टी सरकत आली. बाईंनी ती दोन-तीनदा पाहिली.

"यांना आधी अटॅक कधी आला होता?"

"यांना नाही, वडिलांना," मी म्हटलं.

"वडिलांचं नाही विचारत मी. यांना. येऊन गेलाय, जुना आहे." आणि त्या थेट आईशी बोलायला लागल्या. "आई, कधी खूप दुखून घाम फुटला होता का हो तुम्हाला?"

आईनं आठवून सांगितलं, "एकदा झालतं बगा. ह्यास्नी दवाखान्यातनं घरी आणल्यालं, तवा. जबडा नि पाठ असली दुखली, चोळी भिजून चिंब. मला वाटलं पित्त."

"मग काय केलंत?"

"काय करनार? संकेश्वरचं पाव्हणं पानावर बसल्यालं. भाकरी करायच्या हुत्या."

"किती वेळ दुखत होतं?"

"पाव्हणं उठंस्तवर."

बाईंनी चष्मा काढून पुसला. गोळ्या लिहून दिल्या, मशेरी आणि मीठ बंद सांगितलं, विश्रांती घ्या म्हणाल्या. विश्रांती शब्दावर आई चक्क लाजली.

बाहेर आलो तर आप्पा उठून उभे. "काय म्हनल्या? पित्तच न्हवं?"

"व्हय, पित्तच," माझं तोंड उघडायच्या आत आई म्हणाली.

मग मात्र मी कुणाची भीड धरली नाही. दवाखान्यातली सगळी माणसं बघत असताना ओरडले, "पित्त न्हवं आप्पा! अटॅक येऊन गेलाय तिला. तुम्ही पलंगावर पाहुण्यांना तुमचा अटॅक सांगत होता, तेव्हा तिला आत चुलीपाशी येत होता!"

आप्पा मटकन खाली बसले. आणि आई माझ्याकडं वळली. इतकी संतापलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"अक्कल हाय का न्हाय तुला?" ती म्हणाली. "त्येंच्या काळजाला काय झालं असतं म्हंजे?"