ईश्वरला भित्रा म्हणणारा प्रभुलिंग

प्रभुलिंग चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. वय एक्केचाळीस. कारखान्यात तो थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध. नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी टोपणनाव द्यायचं, हा त्याचा हातखंडा. गेल्या मार्चपासून मात्र त्यानं कुणालाही टोपणनाव दिलेलं नाही. त्याचं कारण एक व्हिडिओ गेम आहे.

तो बारावीला असताना घरात कॉम्प्युटर आला आणि कुणाकडून तरी त्या गेमची सीडी मिळाली. बंद पडलेला दवाखाना, त्यात अडकलेली एक नर्स, हातात बॅटरी, पिस्तूल आणि मोजक्या गोळ्या. कोपऱ्याकोपऱ्यावर मेलेली माणसं उठून अंगावर यायची. कॉलेज सुटलं की प्रभुलिंग आणि त्याचा वर्गमित्र ईश्वर वरच्या मजल्यावरच्या खोलीत खिडक्या लावून खेळायला बसायचे. ईश्वर वळसंग गावचा; शहरात मामाकडं राहून शिकत होता. गेममध्ये सापडणाऱ्या इंग्रजी चिठ्ठ्या तोच डिक्शनरी घेऊन लावायचा. कुलपाचे आकडे, गुप्त दरवाजे, सगळं त्याच्या डोक्यातून यायचं.

पण कीबोर्ड हातात आला की त्याचं काहीतरी बिनसायचं. तळघरात तर त्याची नर्स भिंतीवर आपटत राहायची आणि मरायची.

"आरं, समोर दार हाय की! भितोस काय?" प्रभुलिंग ओरडायचा.

ईश्वर कीबोर्ड परत द्यायचा. दिवेलागणीच्या आधी घरी निघायची त्याची घाई असायची, त्यावरूनही प्रभुलिंगनं त्याला सोडलं नाही. महिन्याभरात सगळा वर्ग त्याला 'भित्रा ईश्वर' म्हणू लागला.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी प्रभुलिंगनं त्याला मुद्दाम थांबवून घेतलं. खाली गुरुराज आणि आणखी दोघं मित्र उभे होते. ईश्वर जिना उतरू लागला, तसा प्रभुलिंगनं दिवा घालवला आणि गेममधल्या मढ्यासारखा घोगरा आवाज काढला. ईश्वर सात पायऱ्या गडगडत खाली आला. चौघंही हसले. त्याचं उजवं मनगट मोडलं होतं. बारावीचे पेपर त्यानं लेखनिक घेऊन दिले. प्रभुलिंग त्याला भेटायला एकदाही गेला नाही. लाज वाटत होती, असं तो आता सांगतो. तेव्हा मात्र वर्गात तो किस्सा आवाजासकट त्यानंच सांगितला होता.

गेल्या फेब्रुवारीत त्यानं मोबाईलवर वाचलं, तो गेम पुन्हा येतोय. गोष्ट तीच, पण चित्रं नव्यानं काढलेली, आवाज नवे. प्रभुलिंगला एकदम ईश्वर आठवला. ईश्वरचा भाऊ बुद्धभूषण शेजारच्या कारखान्यात होता. मार्चमध्ये गेम हाती आला, तसा त्याच्याकडून नंबर घेऊन प्रभुलिंगनं फोन लावला.

"ईश्वर, प्रभुलिंग बोलतोय. आपला दवाखाना परत आलाय बघ. रविवारी ये घरी. ह्या वेळी भिऊ नको."

ईश्वर म्हणाला, "येतो की."

रविवारी सकाळी अकरा वाजता बेल वाजली. प्रभुलिंगनं दार उघडलं. दारात ईश्वर होता, एका हातात पांढरी काठी, दुसरा हात बायकोच्या, संघप्रियाच्या खांद्यावर. प्रभुलिंग काठीकडं बघत दारातच उभा राहिला. शेवटी त्याची बायको श्रीदेवी पुढं झाली आणि म्हणाली, "या भावजी, या वहिनी. आत या."

चहा झाला. ईश्वर एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होता, मुलगी आठवीत होती. त्यानं आपणहूनच विचारलं, "गेम लाव की. निदान ऐकतो तरी."

प्रभुलिंगनं गेम लावला. पडद्यावर पहिल्यांदा एक प्रश्न आला; प्रभुलिंग पुटपुटत तो वाचू लागला.

"काय विचारतंय?" ईश्वर म्हणाला.

"अंधार किती ठेवायचा, ते."

ईश्वर हसला. "तेव्हा ही सोय न्हवती."

"म्हंजे?"

"मला त्या तळघरातलं कायबी दिसत न्हवतं, प्रभू. पडदा नुसता काळा. तुला दार दिसायचं, म्हणून मला वाटायचं, मी घाबरतो म्हणूनच मला दिसत नसंल. जिन्यावरबी तसंच. सव्विसाव्या वर्षी डॉक्टरनं सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार हाय. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, मग सगळं."

"लवकर कळलं असतं तर..." प्रभुलिंग कसाबसा म्हणाला.

"डोळे न्हाय वाचले असते. त्याला औषध न्हाय. पण नऊ वर्षं मी सवताला भित्रा समजत जगलो, ते तरी वाचलं असतं. संध्याकाळच्या शिकवण्या सोडल्या, पुण्याची नोकरी सोडली. घरच्यांना कारण सांगायची लाज वाटायची."

संघप्रिया कपाकडं बघत होती. प्रभुलिंग म्हणाला, "माझं चुकलं. लई चुकलं."

"व्हय, चुकलं," ईश्वर म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण 'जाऊ दे' असंही तो म्हणाला नाही. थोड्या वेळानं ईश्वर आणि संघप्रिया निघायला उठले. प्रभुलिंगनं गाडीनं सोडतो म्हणून आग्रह केला. रिक्षा सांगून ठेवली आहे, असं संघप्रिया म्हणाली.

त्याच आठवड्यात प्रभुलिंगनं गुरुराजला फोन करून सगळं सांगितलं. गुरुराज म्हणाला, "पोरवयातलं काय धरून बसलास? त्याला तरी आठवत असंल का?" प्रभुलिंगनं फोन ठेवला. बाकीच्या दोघांना त्यानं फोन केलाच नाही.

तो आता दर पंधरा दिवसांनी ईश्वरला फोन करतो. ईश्वर फोन उचलतो, नीट बोलतो, पोराबाळांची चौकशी करतो. प्रभुलिंगनं त्याला दोनदा घरी बोलावलं. दोन्ही वेळा ईश्वरला काहीतरी काम निघालं.