एका हाकेच्या कॉप्या

घमापुरात एक बाई मोबाईल दुरुस्त करते. नाव मी कधी विचारलं नाही. फोन हातात आला की आधी ओढणीनं काच पुसते. नवीन अपडेटनं काय सुधारलं, ते बोट ठेवून मोठ्यानं वाचते, मगच बटन दाबते.

माझा नि बायकोचा फोन जोडणारं ॲप आहे. एकातलं दुसऱ्यात आपोआप जातं. मी चौकात बसलो की ती बोलून पाठवायची, "अहो, या ना, पोळ्या थंड होऊन राहिल्या!" ती गेली. तेवढी एक हाक उरली. मग ॲप बिघडलं आणि त्या हाकेच्या कॉप्याच कॉप्या होऊन राहिल्या.

फोन त्या दुरुस्तीवाल्या बाईकडे नेला. तिनं वाचलं, "अब एक फाइल बार-बार कॉपी नहीं होगी. फालतू कॉपी अपने आप हटेगी. दबाऊँ, दादाजी?"

"नको."

"काहे? सब एक जैसी तो हैं!"

"जेवायच्या वेळेला लावतो. एकामागून एक वाजतात. एका हाकेत गप बसणारी नव्हती ती."

बाई हसली नाही. "तो बिगड़ा ही रहने दो," म्हणाली आणि अपडेट बंद करून दिलं.

आज ताट वाढून घेतलं, तरी मी लगेच बसलो नाही. तिला हाका मारू दिल्या.