आप्पांनी विचारलं, खेळ का सोडलास?

मंडळी, आज घरात जे झालं ते सांगून मोकळी होते. शिव्या घालायच्या तर खुशाल घाला.

संध्याकाळी टीव्हीवर लंडनच्या गवतावरच्या टेनिसची महिला दुहेरीची फायनल लागली होती. माझे सासरे, आप्पा, टाळ्या पिटत होते. "काय पोरी हायत! एक चुकली की दुसरी सांभाळून घेतीया."

तेवढ्यात धाकटी जाऊ चहा घेऊन आली. ती कंग्राळी गावची, लग्नाआधी जिल्ह्याला दुहेरी खेळलेली. इथं निपाणीत आल्यावर देवळाला जाते म्हणून सांगायची आणि क्लबात खेळून यायची. आप्पांना कळलं, त्यांनी तिची रॅकेट माळ्यावर टाकली.

आज तेच आप्पा तिला म्हणाले, "तू बी खेळत होतीस न्हवं गं? का सोडलंस?" म्हातारा खरंच विसरला होता.

ती कपात चहा ओतू लागली. मीच हसत म्हणाले, "तिला झेपलं न्हाय, आप्पा." सगळे हसले.

देवळाचं खोटं आप्पांच्या कानावर घालणारी मीच. तिला ते तेव्हापासून ठाऊक आहे.

तिनं पहिला कप मलाच दिला. "साखर बरी हाय का, आक्का?"

तुमच्या माळ्यावर कुणाची रॅकेट पडलीया? आणि चुगली कुणी केलती?